माझ्या पेशींना जोडता येत नाही

मी गंगा. बेळगावात शहापूरला राहते, ब्लाऊज शिवते. सध्या बेंगलोरच्या एका हॉस्पिटलात बंद खोलीत आहे आणि तिथूनच हे फोनवर टाईप करतेय. बरी होऊन लिहितेय असं समजू नका. बरी होईन की नाही ते मला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही, आणि ते तसं तोंडावर सांगतात. आजारातून उठलेल्या माणसांनी लिहिलेलं मी वाचायला घेतलं की मला राग येतो. त्यांना शेवट माहीत असतो ना! मला माहीत नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवते. ज्यांच्या घरात हा आजार निघेल त्यांना निदान एवढं कळेल की आपल्यासारखीच फजिती आणखी कुणाची तरी झालेली आहे.

पैशाचं कसं जमवलं ते लिहिणार नाही. ते सगळ्यांचं सारखंच असतं आणि वाचून कुणाला धीर येत नाही.

आत्या परत आली

माझ्या कमरेवर कॉफी सांडल्यासारखा एक डाग आहे, जन्मापासूनचा. तसाच डाग बाबांच्या बहिणीला होता म्हणे. ती लग्नाआधीच गेली. कशानं गेली विचारलं तर ‘रक्त पातळ झालं’ एवढंच सांगायचे. मी जन्मले, आजीनं पहिली आंघोळ घालताना डाग बघितला आणि घरात रडारड झाली, ती आनंदाची. गंगू परत आली! तिचंच नाव मला ठेवलं. वर्गात सगळ्या स्नेहा, पूजा, अश्विनी आणि मी एकटी गंगा. माझा अंगठा बारका, तोही आत्याचा. उंची वाढली नाही, तीही आत्याची. मी सारखी आजारी पडायचे, त्याचं कुणाला नवल वाटायचं नाही. “आत्याचीच प्रकृती घिऊन आलीया,” आई म्हणायची, आणि ते कौतुकानं म्हणायची.

माझी धाकटी बहीण दीपा. तिलाही डाग आहे, पोटरीवर. त्याच्याकडं कुणी लक्षच दिलं नाही. आत्या काय दोनदा परत येत नाही, आणि ती तर आलेली होती.

आई निपाणीची. माझी आजी म्हणजे आईची सख्खी आत्या, म्हणजे बाबा हे आईचे आतेभाऊ. आजी-आजोबाही नात्यातलेच. आमच्याकडं यात सांगण्यासारखं काही नसतं. उलट पोरगी परक्यात दिली की लोक विचारतात, का हो, घरात पोरगं नव्हतं? दीपाचंही निपाणीच्या मामाच्या महेशशी ठरलेलं होतं. बाबा आम्ही शाळेत असतानाच अपघातात गेले, त्यामुळं आईला त्या लग्नाचा मोठा आधार वाटायचा. पोरगी माझ्याच माहेरात जाणार म्हणायची.

बोट

सुरुवात बोटापासून झाली. शिवणाऱ्या बाईला सुई टोचणं नवीन नाही. बोट तोंडात घालायचं आणि पुढं चालू लागायचं. पण सुई टोचली की रक्त थांबेनाच. एका नवरीच्या मोतिया रंगाच्या ब्लाऊजवर डाग पडला आणि मी तिलाच झापलं, लग्नात एवढा फिका रंग कोण घेतं म्हणून.

आमच्या नेहमीच्या, अनगोळच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं, मग इंजेक्शनं. मग पायांवर निळंजांभळं उठायला लागलं, जिना चढताना मधेच बसावं लागायला लागलं. तेव्हा ते म्हणाले, “आता मोठ्या दवाखान्यात जावा, इथं वेळ घालवू नका.” नेहमी हसून बोलणारा माणूस तो. त्यांचं ते तोंड बघून आईनं पुढचं काही न विचारता पिशवी उचलली.

मोठ्या दवाखान्यातल्या रक्ताच्या डॉक्टर धारवाडकडच्या. आम्ही त्यांना मॅडमच म्हणतो. मराठी छान बोलतात, कन्नडच्या चालीवर. त्यांनी माझे रिपोर्ट बाजूला सरकवले आणि म्हणाल्या, “हात दाखवा.” मला वाटलं नाडी बघणार. त्या अंगठे बघत होत्या. मग कमरेवरचा डाग बघितला. मग आईला विचारलं, “तुम्ही नवरा-बायको नात्यातले का?”

आई खुर्चीत सावरून बसली. “व्हय तर! सख्ख्या आत्याच्या घरात आलते मी. परक्यात न्हाय.”

मॅडम मान खाली घालून लिहायला लागल्या. आई माझ्याकडं बघून हसली, जणू तिनं तोंडी परीक्षेत बरोबर उत्तर दिलं होतं.

माझं रक्त बेंगलोरला गेलं. तिथं काय करतात ते मॅडमनी नंतर समजावलं. रक्तातल्या पेशींवर एक औषध टाकतात, त्यानं आतला डीएनए तुटतो. मुद्दामच तोडतात. निरोगी माणसाच्या पेशी तो परत जोडून घेतात. माझ्या पेशींना जोडता आला नाही. रिपोर्टबरोबर एक फोटो होता, काळ्या बारीक काड्यांचा. काही मोडलेल्या, काही भलत्याच काडीला जाऊन चिकटलेल्या. मला लाज वाटली. का ते विचारू नका, वाटली खरी.

“प्रत्येकाचा डीएनए रोज तुटतो,” मॅडम म्हणाल्या. “तुमचा, माझा, सगळ्यांचा. उन्हानं, धुरानं, काहीच केलं नाही तरी. शरीर रोज जोडून घेतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. त्या जोडण्यातलं एक काम तुमच्या शरीराला जमत नाही. म्हणून हाडांतला बोन मॅरो, जिथं रक्त तयार होतं, तो रिकामा होत चाललाय.” आजाराचं नाव फॅन्कोनी अॅनिमिया. जन्माबरोबर येतो, एवढ्या उशिरा कळलं एवढंच.

“मग मी काय करू?” मी विचारलं.

“तंबाखू, धूर यांपासून लांब राहा. उगाच एक्स-रे काढू नका.”

तंबाखू म्हटल्यावर मी आईकडं बघितलं आणि आईनं माझ्याकडं. निपाणीचं आजोळ, तंबाखूचंच गाव! शाळेत असल्यापासून मी मिश्री लावते. आजोळी सगळ्याच बायका लावतात. भाजलेल्या तंबाखूचा तो वास आला की मला सकाळ झाल्यासारखं वाटतं.

“आणि?”

“आणि तपासणीला येत राहा.”

मी वाट बघत होते की त्या काहीतरी अवघड सांगतील. कडक पथ्य, उपास, डोंगर चढायला लावला असता तरी मी चढले असते. घरी येऊन मिश्रीची डबी गटारात टाकली, आणि मग करायला काहीच उरलं नाही. इतकं रिकामं मला कधी वाटलं नव्हतं. मशीनसमोर बसले, पाय पायट्यावर ठेवला आणि तशीच बसून राहिले.

कात्री

दीपा बी.कॉम. झालेली, मोबाईलवर जगातलं सगळं शोधणारी. ती एके दिवशी ओरडतच आली. “आक्का, हे बघ गं! आता जीन कापून दुरुस्त करत्यात. रक्ताच्या आजारालाच! बरी झाल्यात माणसं, फोटो बघ की!” फोटोत एक परदेशी पोरगी हसत होती. आईनं ताबडतोब देवापुढं नारळ ठेवला. मी नाही नाही म्हणत होते, पण खरं सांगते, त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

आम्ही तिघी मॅडमकडं गेलो. दीपानं फोन पुढं केला. मॅडमनी पूर्ण वाचलं.

“ही बातमी खोटी नाही,” त्या म्हणाल्या. “पण कापून दुरुस्त करतात म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. आपण पेशीत सोडतो ती कात्री. ती बरोबर जागा शोधते आणि तिथं डीएनए कापते. तिचं काम तिथंच संपलं. जोडायचं काम पेशीचं. घाई असली की पेशी दोन टोकं ओढून एकमेकांना चिकटवते. मधलं थोडं गळलं तर गळलं. सवड असली की शेजारच्या चांगल्या नमुन्यावर बघून, गेलेलं बरोबर भरून काढते. आपण फार तर नमुना पुरवतो. जोडून देत नाही. ते कुणालाच येत नाही.”

आई दीपाकडं बघत होती, दीपा फोनकडं. मला मात्र कळलं होतं. जन्म गेला माझा त्यात.

“म्हणजे कात्री तुमची आणि शिलाई माझी,” मी म्हणाले.

“हो.”

“आणि मला शिलाईच येत न्हाय.”

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. “तुमच्याच आजारावर काही ठिकाणी प्रयत्न चाललेत. घाईच्या जोडावर भागवता येतं का ते बघतायत. कधीतरी जमेल. पण आज तुम्हाला द्यायला माझ्याकडं ते नाही. खोटं कशाला सांगू?”

बाहेर आल्यावर मला इतका राग आला की पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या कुणाच्यातरी स्कूटरला मी लाथ मारली. पाय माझाच काळानिळा झाला. दीपा रडत होती, “मी दाखवायलाच नगो हुतं गं तुला.” आई दोघींना हाताला धरून रिक्षाकडं ओढत होती आणि लोक बघत होते.

दीपाचं रक्त

राहिला एकच मार्ग, दुसऱ्याचा बोन मॅरो. सख्खं भावंड सगळ्यात चांगलं. दीपाच्या गालातून कापसाच्या काडीनं नमुना घेतला आणि पंधरवड्यात फोन आला, पूर्ण जुळतंय. काय सांगू! आईनं गल्लीत कुंदा वाटला, बेळगावात पेढ्याच्या जागी तोच. दीपा माझ्या मागं लागली, “माझा मॅरो घेतल्यावर तरी जरा गोड बोलत जा.” मी म्हणाले, “तुझा घातल्यावर मी बी बी.कॉम. हुतीया का बघायचं.” त्या दिवसांत आम्ही तिघी घरात नुसत्या हसत होतो.

देणाऱ्याचं रक्तही त्याच तुटण्याच्या तपासणीतून जातं. मॅडमनी ते आधीच सांगितलेलं, पण आनंदात कोण ऐकतंय! परत फोन आला. दोघीही या, आईलाही आणा.

मॅडमनी दीपाला विचारलं, “अंगावर कुठं डाग आहे?”

दीपानं सलवार वर करून पोटरी दाखवली. तिला लहानपणी आंघोळ घालताना आईनं तो डाग रोज बघितला होता. आता ती त्याच्याकडं असं बघत होती जणू तो पहिल्यांदाच दिसतोय.

“म्हणजे माझा चालत न्हाय व्हय आक्काला?” दीपानं विचारलं. तिला अजून कळलंच नव्हतं की हे तिच्याविषयी चाललंय. मला कळलं होतं. मी थोरली, मीच सांगायला पाहिजे होतं. शेवटी मॅडमनीच सांगितलं. तिचं रक्त अजून बरं आहे, थोडंसंच कमी. वर्षानुवर्षं तसं राहील, किंवा राहणार नाही. आजार मात्र तोच.

दीपानं सलवार खाली ओढली आणि म्हणाली, “मग मला कोण देणार?”

आईनं मॅडमपुढं पदर पसरला. “माझं घ्या की ओ. सगळं काढून घ्या आणि दोघींस्नी वाटा.” आईबापाचं निम्मंच जुळतं आणि निम्म्यावर करणं जास्त जोखमीचं, हे मॅडमनी तिला किती वेळा समजावलं असेल! आई पदर आवरायलाच तयार नव्हती. मी तिथं बसून होते. दोन्ही हात मांडीवर. काहीच करता येत नव्हतं मला, कुणासाठीच.

घरी आल्यावर आईनं भिंतीवरचा आत्याचा फोटो काढला. “हिनंच आणलं,” म्हणाली, आणि तो कपाटावर पालथा टाकला. दुसऱ्या दिवशी बघते तर पदरानं पुसून परत लावत होती. “तिचं तरी काय चुकलं गं? पोर व्हती ती. कुणी दवाखान्यात तरी न्हेलं का तिला?”

तुमच्या घरात कुणी असं परत आलेलं असेल, तसाच डाग, तसाच बारका अंगठा, तसंच कमी रक्त, तर कौतुक पुरे करा आणि तपासून घ्या. एकाचं नव्हे, सगळ्या भावंडांचं. एवढंच मी खात्रीनं सांगू शकते. बाकी कशाचीच मला खात्री नाही.

महेश

मॅडम म्हणाल्या, तुमच्याकडं नात्यात लग्नं झालीत, तेव्हा चुलत-मामे भावंडांतही कुणाचं तरी जुळण्याची आशा आहे. निपाणीहून सगळे जीप करून आले. म्हाताऱ्या मामीपासून सगळ्यांनी गालातून काडी फिरवून घेतली. महेशचं जुळलं. दीपाचा महेश. त्याचं रक्त त्या तपासणीतूनही गेलं आणि त्याचं तुटलेलं नीट जोडलं गेलं. माझं आणि दीपाचं आधीच जुळत होतं, म्हणजे दोघींनाही देणारा हा एकच.

त्याला कळल्यावर तो मला भेटायला आला आणि खाली बघत म्हणाला, “आक्का, सुई लई मोठी असतीया का?”

“लग्नाला घाबरला न्हाईस आणि सुईला घाबरतोस व्हय रं?” मी म्हणाले आणि जीभ चावली.

लग्नाचं आता कुणी बोलत नाही. मोडलं असंही नाही. महेशच्या रक्तात हाच दोष निम्मा असू शकतो, तो बघितल्याशिवाय मुलाबाळांचा विचार करू नका, असं मॅडमनी सांगितलंय. महेश म्हणतो, आधी आक्काचं होऊ दे. दीपा त्याला म्हणते, तू आधी सुईला भ्यायचं बंद कर. मग दोघंही दुसरीकडं बघतात.

आधी माझं ठरलं, कारण माझं रक्त आधी संपत आलं. मला लागू पडलं तर गरज लागेल तेव्हा दीपाचं. लागू पडलं नाही तर काय, ते कुणी बोलत नाही. मीही विचारलेलं नाही.

खोली

महेशचा मॅरो माझ्या अंगात गेला. रक्ताच्या पिशवीसारखीच पिशवी, मला वाटलेलं तसं काहीच घडलं नाही. त्याआधी माझा उरलासुरला मॅरो मारायचं औषध दिलं. इतरांना देतात त्यापेक्षा कितीतरी कमी. त्या औषधाचं काम डीएनए तोडायचंच, आणि माझं तुटलेलं जोडायला कोणी नाही. कमी देऊनही व्हायचं ते झालं. तोंडात सगळीकडं फोड आले. थुंकी गिळताना काच गिळल्यासारखं होतं. केस उशीवर राहिले. जुलाब, ताप, थंडी. रोज सकाळी रक्त नेतात आणि दुपारी पांढऱ्या पेशींचा आकडा सांगतात. महेशचा मॅरो रुजला की तो वर यायला पाहिजे. तो अजून वर येत नाही.

खोलीत सोबत एकालाच परवानगी आहे. आईला खोकला, म्हणून ती बाहेर भाड्याच्या खोलीत राहते आणि माझ्यासाठी मऊ भात शिजवून पाठवते. तो मला खाता येत नाही आणि तिला ते कळवलेलं नाही. खोली पुसायला शांतम्मा येते. ती रोज मास्कमधूनच विचारते, “ऊट आतेनु?” जेवलीस का म्हणून. मी मान हलवते. ती माझं ताट बघते, झाकण परत घालते आणि रागावत नाही. इथं मला एवढं एकच माणूस भेटलंय जे न जेवल्याबद्दल रागावत नाही.

सोबतीला कोण थांबणार यावरून भांडण झालं. मामी तयार होती. मी म्हणाले मामीच बरी. दीपानं ऐकलं नाही. आमच्या घरात माझ्यापेक्षा हट्टी कुणी असेल तर ती. मला ती इथं नको होती, कारण मला माहीत होतं ती काय बघायला थांबतेय. ती टोपी-मास्क घालून खुर्चीत बसते आणि सगळं बघते. नळ्या कुठं जातात, ताप आला की कोणतं औषध लावतात, ओकारी आली की मी कशी वाकते. मी तिच्यापुढं कण्हत नाही. दात आवळून पडते. तिनं बघून घाबरू नये एवढं एक काम मला करता येण्यासारखं होतं, आणि मी ते नेटानं चालवलं होतं.

काल दुपारी आकडा सांगून नर्स गेली. आदल्या दिवशीचाच आकडा होता. नंतर तोंडात अशी काही कळ आली की मी चादर मुठीत धरली.

“लई दुखतंय का गं आक्का?”

“न्हाय गं. एवढं काय न्हाय.”

दीपा उठली. माझी मूठ धरली आणि एकेक बोट उघडून चादर सोडवली.

“खोटं सांगू नगोस,” ती म्हणाली. “मला बी इथंच निजायचं हाय.”

मी तिच्याकडं बघितलं. मास्कच्या वर नुसते डोळे. रडत नव्हती. वाट बघत होती.

मग मी सांगितलं. दुखतंय, लई दुखतंय. तोंडापेक्षा घसा वाईट. थंडी वाजते तेव्हा हाडं मोडतायत असं वाटतं. सगळ्यात वाईट सकाळ, कारण अख्खा दिवस समोर असतो. मधेच असं वाटतं की नळ्या काढून टाकाव्यात आणि निपाणीच्या गाडीत जाऊन बसावं. आणि मला भीती वाटते गं, माझी वाटते आणि तुझी जास्त वाटते. एवढं बोलायला मला बराच वेळ लागला. मधे मधे थांबून ओठांवर पाणी लावावं लागत होतं, ते ती लावत होती.

तिनं सगळं ऐकून घेतलं. खुर्ची पलंगाला लावली.

“बरं,” म्हणाली. “आणि ह्या उलट्या किती दिवस चालत्यात?”

“थांबल्या की सांगते,” मी म्हणाले.